चहाची वेळ कोण ठरवतं?

१८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या वर्कहाऊसांना, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या सरकारी घरांना, वरून दोन सवलती मिळाल्या. म्हाताऱ्या पुरुषांना तंबाखू द्यायला हरकत नाही, ही एक. दुसरी बायकांसाठी होती. त्यांना तयार चहाऐवजी चहापत्ती, साखर आणि दूध वेगवेगळं द्यावं, म्हणजे आपला चहा त्या आपण करून घेतील. वृद्धांच्या निवासात काळजी नीट घेतात की नाही हे तपासून शेरा लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. त्या निमित्ताने सरकारी कागद ढिगाने वाचले. त्या सगळ्यांत शहाणा कागद मला हा चहापत्तीचा वाटतो.

मी मूळची साताऱ्याची. मुंबईत नर्सिंग करून १९७३ साली उत्तर इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात लागले. परदेशातून आलेल्या मुलींच्या वाट्याला बहुतेक म्हाताऱ्यांचे वॉर्ड यायचे, कारण तिथल्या मुली त्या वॉर्डांत टिकत नसत. मीही तिथेच गेले. दगडी इमारत, उंचावर लहान खिडक्या, लांबच लांब वॉर्ड. दाखल होताना काही आजी दारातच रडायला लागत आणि मला कळायचं नाही की बाई, हॉस्पिटलात आलीस, बरी होशील, एवढं काय त्यात? पुढे एका वॉर्डबॉयने सांगितलं की ही इमारत म्हणजे जुनं वर्कहाऊस. बाहेरची पाटी बदलून पंचवीस वर्षं झाली होती, पण गावाच्या लेखी इथे यायचं म्हणजे नादारीत मरायचं.

ती भीती उगाच नव्हती. १८३४ च्या कायद्याने वर्कहाऊसचं तत्त्वच असं घातलं होतं की आत आलेल्या माणसाचं जिणं बाहेरच्या सगळ्यांत गरीब मजुराहून बरं असता कामा नये. कायद्याचा रोख धडधाकट आळशांवर होता, प्रत्यक्षात इमारती भरल्या त्या म्हाताऱ्या, आजारी आणि अनाथ माणसांनी. आत शिरताना स्वतःचे कपडे काढून तिथला गणवेश चढवायचा. नवरा पुरुषांच्या बाजूला, बायको बायकांच्या. साठीच्या पुढच्या जोडप्यांना जबरदस्तीने वेगळं ठेवू नये, एवढी दया कायद्यात यायला १८४७ साल उजाडलं, आणि तीही किती ठिकाणी अमलात आली हा प्रश्नच आहे.

तपासणी मात्र तेव्हाही होती. इन्स्पेक्टर यायचे, हिशेब पाहायचे, डोईमागे किती औंस पाव आणि किती घनफूट हवा ते मोजायचे. १८५८ साली लुइझा ट्विनिंग या बाईंनी वर्कहाऊसांना भेटी देणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली आणि तपासणीत पहिल्यांदा वेगळे प्रश्न आले: हिच्याशी कोणी बोलतं का, हिच्या उशाशी पाणी आहे का. १८६५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने लंडनच्या वर्कहाऊसमधल्या आजाऱ्यांच्या वॉर्डांची पाहणी करून ती छापली, तेव्हा बरीच खळबळ झाली. १८९३ मध्ये स्त्रियांच्या भेट समित्यांना अधिकृत परवानगी मिळाली. चहापत्तीचा हुकूम याच सुमाराचा आहे. या बायकांच्या जाण्यायेण्याशी त्याचा काही संबंध नसेल हे मला पटत नाही.

यानंतरचं एक नाव तिथल्या प्रत्येक नर्सला शिकवलं जायचं: डॉ. मार्जरी वॉरेन. १९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलने शेजारच्या वर्कहाऊसचे वॉर्ड ताब्यात घेतले आणि ७१४ रुग्ण या बाईंच्या गळ्यात पडले. त्यांनी एकेकाला तपासलं. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेल्यांत असे कितीतरी निघाले की त्यांना खाटेवर का ठेवलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कधीतरी झोपवलं आणि तसंच राहिलं. वॉरेनबाईंनी वर्गवारी केली, चालायला शिकवलं, बरेच जण घरीही गेले. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी तपासलं माणसांना, इमारतीला नव्हे.

युद्धानंतर ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय साहाय्य कायदा अमलात आला आणि वर्कहाऊस कागदोपत्री संपलं. मंत्री अन्युरिन बेव्हन यांची कल्पना सुंदर होती. पंचवीस-तीस जणांची लहान लहान निवासं असावीत आणि चालक व रहिवासी यांचं नातं हॉटेलवाला आणि गिऱ्हाईक यांच्यासारखं असावं. म्हाताऱ्याचं पेन्शन आठवड्याला २६ शिलिंग. त्यातले २१ त्याने निवासाला द्यायचे, ५ हातखर्चाला ठेवायचे. धर्मादाय नाही, पैसे मोजून राहणं. कायद्याच्या तिसऱ्या भागात ही तरतूद होती म्हणून लोक या जागांना ‘पार्ट थ्री’ म्हणू लागले. मी गेले तेव्हाही म्हणत होते: “आमची आई पार्ट थ्रीत आहे.” पण लहान निवासं बांधायला सिमेंट नव्हतं, पैसा नव्हता. म्हातारे राहिले त्याच जुन्या दगडी इमारतींत, आणि बऱ्याच ठिकाणी वर्कहाऊसचा मास्तर तोच, नुसता हुद्दा बदललेला.

हे उघड्यावर आणलं पीटर टाउनसेंड या तरुण समाजशास्त्रज्ञाने. १९५८-५९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्समधली १७३ निवासं पाहिली. त्यांत ३९ जुनी वर्कहाऊसं, ५३ नगरपालिका-काउंटींची इतर निवासं, ३९ सेवाभावी संस्थांची आणि ४२ खासगी होती. १९६२ मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हे पुस्तक आलं. माझी प्रत वाचनालयाने रद्दीत काढलेली, तिचा कणा आता सुटलाय. या माणसाने चालकांच्या मुलाखती घेतल्या, रहिवाशांशी बोलला, फोटो काढले आणि एवढ्यावर न थांबता एका जुन्या वर्कहाऊसमध्ये काही दिवस मदतनीस म्हणून राबला, म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या. समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने कोणाची पाठ चोळून निष्कर्ष काढला, असं दुसरं उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही.

पुस्तकाच्या शेवटी त्यांनी निवासाचा दर्जा मोजायची एक पट्टी दिली आहे. आज जगभर जे गुणपत्रक पद्धतीचे शेरे चालतात त्यांची ही पणजी. खोल्या, संडास, हीटिंग यांना गुण आहेत, कर्मचाऱ्यांना आहेत. पण त्याबरोबर दोन रकाने असे आहेत की ते पाहून मी ताठ बसले होते. एक म्हणजे रोजच्या जगण्यातलं स्वातंत्र्य: उठायची-झोपायची वेळ कोणाची, बाहेर जाताना विचारावं लागतं का, स्वतःचं सामान आणता येतं का. दुसरा, हाताला काही काम आहे का. आंघोळ आठवड्यातून किती वेळा, हे कोणीही विचारील. दाराला आतून कडी आहे का, हे टाउनसेंड विचारतात. आणि त्यांचा निष्कर्ष? सुधारणा नकोत, ही व्यवस्थाच मोडा, म्हाताऱ्यांना लहान घरं द्या, तिथे मदत पोचवा. अर्थात कोणी मोडली नाही. पण जुन्या वर्कहाऊसांना टाळं लागायला या पुस्तकाचा मोठा हातभार लागला.

त्याच १९६२ मध्ये डोरीन नॉर्टन या नर्सने सहकाऱ्यांबरोबर एक लहानशी पट्टी प्रसिद्ध केली. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, हालचाल, कूस बदलता येणं, लघवी-शौचावरचा ताबा अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण, बेरीज वीस. चौदा किंवा खाली आली की या माणसाला बेडसोअर होणार, आत्ताच लक्ष द्या. ड्युटीवर चढलं की मी आधी हा कागद बघायचे. टाउनसेंडची पट्टी लोकांनी कपाटात ठेवली, नॉर्टनची खाटेला टांगली. बेडसोअर दिसतो, त्याला वासही येतो. दाराला कडी नसली तर कोणाला काही होत नाही.

१९६७ साली बार्बरा रॉब या बाईंनी ‘सॅन्स एव्हरीथिंग’ काढलं. लंडनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात त्या एका ओळखीच्या वृद्ध बाईला भेटायला गेल्या आणि हादरल्या. चष्मे, कवळ्या, कानाची यंत्रं काढून घेतलेली. का, तर हरवतात. दिसत नाही, चावता येत नाही, ऐकू येत नाही, मग ती बाई भ्रमिष्ट दिसणारच, आणि भ्रमिष्ट आहे म्हणून चष्मा कशाला? आरोपांची चौकशी झाली आणि १९६८ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने ते बव्हंशी निराधार ठरवले. पुढच्याच वर्षी कार्डिफच्या ईली हॉस्पिटलचा अहवाल आला, त्यात असेच प्रकार सिद्ध झाले, आणि मग हॉस्पिटलांना भेटी देणारी स्वतंत्र सल्लागार सेवा स्थापन करावी लागली. मी १९७३ मध्ये रुजू झाले तेव्हा आमच्या वॉर्डात चष्मे होते, पण अंगावरचे कपडे अजून सामायिक. लाँड्रीतून गठ्ठा यायचा, आकाराने लावायचा. सोमवारी जो फ्रॉक एका आजींच्या अंगावर, तोच गुरुवारी पलीकडच्या खाटेवर.

ऐंशीच्या दशकात सगळं पालटलं. सरकारी नियमांतल्या एका बदलामुळे खासगी निवासात राहणाऱ्या गरीब वृद्धाचं भाडं सामाजिक सुरक्षेच्या खात्यातून मिळू लागलं. १९७९ मध्ये यावर साधारण एक कोटी पौंड जात होते, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आकडा अब्जांत गेला. समुद्रकाठची लहान हॉटेलं रातोरात वृद्धनिवासं झाली. या पुरामागून १९८४ चा नोंदणी कायदा आला: नोंदणी सक्तीची, वर्षाला दोन तपासण्या. मग कौन्सिलांमध्ये वेगळे तपासणी विभाग निघाले आणि त्यांतल्या एकात मी अर्ज केला. म्हटलं, वीस वर्षं आतून बघितलंय, आता जरा बाहेरून बघू.

एक प्रसंग सांगते. निवासाचं नाव कशाला, ते आता नाहीही. आंघोळीचं रजिस्टर मागितलं. उत्तम ठेवलेलं. प्रत्येक रहिवाशापुढे आठवड्याची खूण, पाण्याचं तापमान प्रत्येक वेळी बरोबर ४३ अंश, म्हणजे भाजू नये म्हणून जे सांगितलेलं असतं तेच. महिनाभराच्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच तिरकसपणाच्या. मी बाथरूम दाखवा म्हटलं. टबमध्ये दोन मोडके कमोड, एक व्हीलचेअर आणि खोक्यात भरलेलं नाताळचं झाड. टबाच्या तळाशी धूळ. मॅनेजरबाई म्हणाल्या, “ते आजच ठेवलंय हो.” महिना जुलैचा होता.

तिथेच लाउंजमध्ये भिंतीला पाठ लावून गोल खुर्च्या, मधे कोणी न पाहिलेला टीव्ही. साडेतीनला चहा आला. मला बशीत कप, बाजूला बिस्किटं. त्यांना मोठ्या किटलीतून प्लॅस्टिकच्या पेल्यात, दूध आणि साखर आधीच घातलेला. आपल्याला यात काय वावगं असं वाटेल. आपल्याकडे दूध-साखरेसकट उकळला तरच तो चहा. पण तिथे प्रत्येकाचा चहा म्हणजे प्रत्येकाची मर्जी. दूध आधी की नंतर यावर लोक आयुष्यभर वाद घालतात. शंभर वर्षांपूर्वी वर्कहाऊसच्या बायकांना जे मिळालं होतं, ते इथे किटलीने परत नेलं होतं. माझ्या छापील फॉर्ममध्ये चहाला रकाना होता: ‘पेये ठरल्या वेळी दिली जातात का?’ हो. दिली जातात.

त्याच सुमारास आमच्याबरोबर साधे नागरिक तपासणीला यायला लागले. माझ्याबरोबर एक निवृत्त बसड्रायव्हर असायचा. फाईलकडे ढुंकून बघायचा नाही. म्हाताऱ्यांना “सगळं ठीक ना?” असं विचारलं की “फार छान आहे हो” एवढंच उत्तर येतं, ज्याच्या हातून रात्री डायपर बदलून घ्यायचाय त्याची तक्रार कोण करील? हा गृहस्थ खुर्ची ओढून बसायचा आणि विचारायचा, “शेवटचं बाहेर कधी गेला होतात?” उत्तर यायला जितका वेळ लागायचा, त्यावर माझा अर्धा अहवाल तयार व्हायचा.

२००० च्या केअर स्टँडर्ड्स कायद्याने तपासणी कौन्सिलांकडून काढून राष्ट्रीय आयोगाकडे दिली आणि वृद्धनिवासांसाठी ३८ मानकं लागू झाली. त्यांतली गाजली कोणती, तर खोलीच्या क्षेत्रफळाची. मालक संघटना उसळल्या, धंदा बंद पडेल म्हणाल्या आणि सरकारने जुन्या निवासांसाठी ती अट सैल केली. बाकीच्या मानकांवर फारसा आवाज झाला नाही, कारण त्यांची पूर्तता कागदावर करता येत होती. नंतर आयोगाचं नाव २००४ मध्ये बदललं, २००९ मध्ये पुन्हा बदललं. २००८ मध्ये तारे आले, दोन वर्षांत गेले, २०१४ पासून चार पायऱ्यांचे शेरे आले. हा भाग मी भराभर सांगतेय, कारण लाउंजमधल्या खुर्च्या या सगळ्या काळात भिंतीलाच होत्या.

वेगळं काम झालं ते ब्रॅडफर्डला. टॉम किटवुड हे तिथले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी एक पद्धत बसवली. निरीक्षकाने दालनात बसायचं, मोजक्या माणसांवर लक्ष ठेवायचं आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येकापुढे एक अक्षर लिहायचं. बोलतेय तर ए, नुसती बघतेय तर बी, जेवतेय तर एफ, झोपलीय तर एन. असं कित्येक तास. मी हे शिकले तेव्हा पहिल्या दिवशी कंटाळून जीव गेला, आणि त्या कंटाळ्यातच कळलं की या बाया रोज हेच करतात. त्या यादीत यू हे अक्षर आहे. माणूस काहीतरी म्हणतोय, हाक मारतोय आणि कोणी उत्तर देत नाही, तेव्हा लिहायचं. एका दुपारी एका आजींपुढे माझ्या कागदावर यूंची ओळ लागली. कर्मचारी वाईट नव्हते, जवळून जाताना “हो गं राणी” म्हणत होते. थांबत कोणी नव्हतं. पुढे या पद्धतीची एक छोटी आवृत्ती सरकारी तपासनिसांनाही दिली गेली. माझ्या मते टाउनसेंडच्या आंघोळींनंतर दर्जा तपासण्याच्या शास्त्रात झालेली खरी भर ही एवढीच.

२०२४ मध्ये तपासणाऱ्या आयोगाचीच तपासणी झाली. डॉ. पेनी डॅश यांच्या अहवालात आढळलं की कित्येक ठिकाणांचे शेरे वर्षानुवर्षं जुने आहेत, काहींना शेरा मिळालेलाच नाही. आरोग्यमंत्र्यांनी आयोग कामाचा राहिला नाही असं जाहीर सांगितलं. मला वाईट वाटलं, आश्चर्य नाही.

आता मी वर्षातले काही महिने पुण्यात असते. इथे वृद्धांच्या आसऱ्याची परंपरा जुनी आहे. नवी पेठेतला ‘निवारा’ डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला. पण गेल्या काही वर्षांत बंगल्या-बंगल्यांतून जी वृद्धाश्रमांची पाटी लागतेय, ती मला ऐंशीच्या दशकातल्या समुद्रकाठच्या हॉटेलांसारखी दिसते. मुलं न्यू जर्सीत किंवा बंगळुरूत, पैसे दरमहा खात्यात, आणि बाकीचं सगळं मावशींवर. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे, तीही ‘काढता येतील’ अशा भाषेत. निवासांची नोंदणी आणि किमान मानकं घालणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्दबातल झालं.

तेव्हा सध्या तपासनीस तुम्हीच. ओळखीचे लोक मला फोन करून विचारतात, “मावशी, अमुक ठिकाण कसं आहे?” मी ठिकाणांची नावं सांगत नाही, जायची पद्धत सांगते. रविवारी सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळीकडे फुलं असतात. आडवारी संध्याकाळी सहानंतर जा, न कळवता. ऑफिसात बसू नका, हॉलमध्ये बसा, तासभर, मोबाइल पर्समध्ये ठेवून. कोणी हाक मारली तर किती वेळात कोण वळतं ते बघा. कपाट उघडून कपड्यांवर नाव आहे का बघा. बाथरूममध्ये डोकावा. एखाद्या आजोबांना विचारा, शेवटचं बाहेर कधी गेला होतात. आणि निघताना चालकांना एकच विचारा: रात्री दहा ते सकाळी सहा इथे जागी माणसं किती असतात? उत्तर तिथल्या तिथे आलं नाही, तर दुसरं ठिकाण बघा.